अन्न वाहते तिथे मासा थांबतो

नवखा माणूस गळ हातात घेतो तेव्हा पहिला प्रश्न विचारतो तो आमिषाचा. कोळंबी लावू की काडू? कणीक चालेल की पेंडच हवी? दुकानात गेला तर हाच प्रश्न जरा महाग होऊन पुढे येतो: हा लुअर की तो? दुसरा प्रश्न जागेचा. चांगली जागा कुठली, आणि ती कोण सांगेल? हे दोन प्रश्न स्वतंत्र आहेत असे समजूनच बहुतेकांची हौस सुरू होते. पुढे एकजण आमिषांच्या डब्या जमवत बसतो, दुसरा जागांची यादी. दोघांनाही मासे अधूनमधून लागतात, आणि का लागले हे दोघांनाही सांगता येत नाही.

हे पुस्तक त्या दोन प्रश्नांना एकत्र बांधणाऱ्या धाग्याविषयी आहे. मासा काय खातो आणि ते खाणे त्याच्यापर्यंत कोण आणून पोहोचवते, हे कळले की जागा बरीचशी आपोआप कळते. आमिषाचा प्रश्नही निम्मा सुटतो.

'अन्न असते तिथे मासे असतात' हे वाक्य सगळ्यांना माहीत आहे, पण ते अर्धेच खरे आहे. खाडीच्या गाळात, धरणाच्या काठाला, नदीच्या दगडांवर अन्न सगळीकडेच असते. मासे मात्र सगळीकडे नसतात. मासा थांबतो तो अन्न त्याच्याकडे चालत येते तिथे. ते गिळायला त्याला फार पोहावे लागू नये, आणि गिळता गिळता आपणच कोणाच्या तोंडी जाऊ नये, एवढी त्याची अपेक्षा असते. या तीन गोष्टी एका ठिकाणी जुळल्या की ते ठिकाण 'चांगली जागा' ठरते. त्यातली एक जरी बिघडली, म्हणजे पाण्याचा ओढा बदलला, आडोसा गेला किंवा अन्नाचा हंगाम संपला, तर तीच जागा रिकामी पडते आणि जुने लोक म्हणतात, आता मासाच राहिला नाही. कधी कधी ते खरेही असते. पुष्कळदा मासा फक्त हललेला असतो.

उदाहरण रायगडच्या खारभूमीचे घेऊ. बांध घालून खाडीपासून तोडलेल्या या शेतांना पाणी काढायला उघाडी असते. भरतीला बंद राहणारी, ओहोटीला उघडणारी दारे. आतल्या चरांत, भाताच्या खाचरांत, तिवरांच्या मुळांशी करंदी, कोळंबी, बोयीची आणि निवटीची पिल्ले वाढत असतात. ओहोटी लागली की आतले पाणी एका अरुंद तोंडातून बाहेर पडते आणि हा सगळा ऐवज त्याबरोबर वाहू लागतो. त्या तोंडासमोर मध्यभागी पाण्याला जोर असतो, बाजूला मात्र ते संथ फिरते. जिताडा उभा राहतो तो या दोन पाण्यांच्या शिवेवर. संथ भागात अंग आणि वेगवान भागाकडे तोंड. शेपटी फारशी हलवावी लागत नाही आणि खाणे समोरून जात राहते. गोव्यात खाजणांच्या मानशीपुढे, म्हणजे तिथल्या उघाडीपुढे, हेच घडते, आणि म्हणूनच तिथे मानशीवरच्या मासेमारीचा हक्क लिलावात जातो. कोणत्याही पुस्तकाआधी हे अर्थशास्त्र लोकांना कळलेले होते. मुंबई-रायगडच्या कोळ्यांची डोल जाळी तर याच जाणिवेवर उभी आहे. खुंटांना बांधून प्रवाहाकडे तोंड करून ठेवलेली पिशवी माशाचा पाठलाग करत नाही. पाणी आणून देईल ते घेते.

लहान जिताडा कोळंबी-करंदीवर जगतो, मोठा झाला की माशांकडे वळतो. (जाता जाता: तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. त्यामुळे सर्वांत मोठे जिताडे उचलून नेणे म्हणजे माद्याच उचलून नेणे.) याचा गळाशी सरळ संबंध आहे. एकाच उघाडीसमोर कोळंबी लावणाऱ्याला लहान मासे आणि जिवंत बोय लावणाऱ्याला मोठा मासा लागला, तर त्यात नशिबाचा भाग थोडा आणि पोटाच्या वयाचा भाग जास्त असतो. आणि बोय स्वतः काय खाते? गाळावरचा शेवाळाचा थर, कुजलेल्या पानांचे कण. तिच्या पोटात जाड स्नायूंची पेटी असते, तीत ती वाळूसकट हे सगळे दळते. म्हणून ती उथळ गाळावर भरतीच्या कडेकडेने चढते, आणि तिच्यामागून मोठे मासे. साखळी गाळापासून सुरू होते आणि गाळ पानांपासून. फ्लोरिडातल्या कांदळवनात हील्ड आणि ओडम या दोघा संशोधकांनी 1970 च्या सुमारास हे पद्धतशीर दाखवून दिले: तिथल्या माशांच्या अन्नसाखळीचा पाया म्हणजे गळून पडणारी आणि कुजणारी पाने. आपल्याकडच्या तिवर-चिपीखाली खेकडे तीच पाने ओढून बिळात नेताना कोणीही पाहू शकतो.

या अन्नाला हलवणारा हात म्हणजे भरती-ओहोटी. भरती केव्हा याचा कोकणातला ठोकताळा सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणावे. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, एकादशीला सव्वाआठच्या आसपास. खाडीत जसजसे आत जाल तसतशी ती उशिरा. पण वेळेपेक्षा पाण्याचा उतार मला महत्त्वाचा वाटतो. मुंबईकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते. मालवण-गोव्याकडे तो फरक दोन मीटरच्या आसपास. त्यामुळे मुंबईच्या खाडीत उधाणाला प्रवाह इतका जोरात आणि इतका गढूळ होतो की डोळ्यांनी शिकार करणारा मासा चाचपडतो. शिंगाळ्यासारख्या वासावर आणि मिशांवर चालणाऱ्या माशाचे तेव्हा फावते. भांगाचे, म्हणजे कमी चढउताराच्या दिवसांचे, पाणी तुलनेने निवळ. दक्षिणेकडे उलट, भांगाला पाणी इतके मंद होते की अन्न हलतच नाही. मग उधाणाची वाट पाहावी लागते. 'उधाण चांगले की भांग' हा धक्क्यावरचा सनातन वाद दोन्ही बाजूंना खरा असू शकतो. वाद घालणारे कुठल्या खाडीचे आहेत ते आधी विचारावे.

आता या विषयाचा लिखित इतिहास. इंग्रजीत गळाच्या छंदावरची पुस्तके मुबलक आहेत. आयझॅक वॉल्टनचे 'द कम्प्लीट अँगलर' 1653 चे. पण अन्नावरून मासा ओळखण्याची शिस्त खऱ्या अर्थाने दिसते ती आल्फ्रेड रोनाल्ड्सच्या 1836 च्या पुस्तकात. ट्राउट कोणता किडा केव्हा खातो, त्याप्रमाणे माशीच्या आकाराचा गळ कसा बांधावा, याची त्याने कीटकशास्त्राच्या अंगाने मांडणी केली. पुढे हॅलफर्ड आणि स्क्यूज यांच्यात वाद रंगला. पाण्यावर तरंगणाऱ्या किड्याचीच नक्कल करावी असे हॅलफर्डचे म्हणणे, तर पाण्याखालून वर येणाऱ्या अर्धवट वाढीच्या किड्याचीही नक्कल चालेल असे स्क्यूजचे. तो वाद सभ्य इंग्रज पद्धतीने अनेक वर्षे चालला. बाहेरच्याला तो हास्यास्पद वाटेल, पण स्क्यूजच्या बाजूने एक साधी गोष्ट होती: मासा बहुतांश खाणे पाण्याखालीच खातो. अमेरिकेत अर्नेस्ट श्वीबर्टने 1955 मध्ये हीच परंपरा तिथल्या नद्यांवर नेली. या सगळ्याला आपण 'नकलेचा पंथ' म्हणू. या पंथाचे बळ निरीक्षणात आहे आणि कमजोरी अशी की, अन्न ओळखले की जागा गृहीतच धरली जाते.

दुसरा पंथ जागेचा. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत बक पेरीने सांगायला सुरुवात केली की तळाचा उंचसखलपणा, कडा, खोल पाण्यातून उथळाकडे येणाऱ्या वाटा वाचा, मासा त्यांवरूनच ये-जा करतो. आजचा प्रत्येक फिशफाइंडर याच विचारावर विकला जातो. पडद्यावर तळ दिसतो, कडा दिसते, कधी मासाही दिसतो. तो खायला आला आहे की नुसता थांबला आहे, हे मात्र यंत्र सांगत नाही. तिसरा पंथ मासा जिथे आहे तिथे जाण्याऐवजी त्यालाच बोलावून घेणाऱ्यांचा. इंग्लंडमध्ये कार्पवाल्यांनी चारा टाकण्याची कला शास्त्राच्या पातळीवर नेली. 1970 च्या दशकात फ्रेड विल्टनने मांडले की मासा पौष्टिक अन्न ओळखतो आणि त्याकडे पुन्हा पुन्हा येतो, म्हणून आमिषातच सत्त्व हवे. पवई तलावावर पेंड आणि कोंड्याचे गोळे टाकून तासन् तास बसणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही. फक्त त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले नाही.

भारतातली सुरुवात वेगळी आणि, माझ्या मते, जास्त समंजस आहे. कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांची वर्णने 1839 मध्ये प्रसिद्ध केली. आज 'टॉर खुद्री' म्हणून ओळखला जाणारा महाशीर त्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यातून नोंदवला. पण साइक्स अभ्यासक होता, गळवाला नव्हे. गळवाल्यांसाठी लिहिणारा पहिला महत्त्वाचा माणूस म्हणजे मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी एच. एस. थॉमस. त्याचे 'द रॉड इन इंडिया' 1873 चे. महाशीर पकडायचा तर तो काय खातो आणि पावसाळ्याच्या पाण्याबरोबर कसा वर-खाली होतो हे समजून घ्या, असा त्याचा आग्रह. महाशीराच्या घशातल्या दातांकडे त्याने लक्ष वेधले. तोंडात दात नसलेला हा मासा घशात शिंपले, खेकडे, टणक बिया फोडतो. पुढे सुंदरलाल होरा यांची भारतातील शिकारी माशांवरची लेखमाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1937 पासून आली आणि मॅकडोनल्डचे महाशीरावरचे पुस्तक त्याच संस्थेने 1948 मध्ये काढले. मराठीत मात्र या विषयावरचे लेखन तुरळकच. आपल्याकडचे ज्ञान आहे ते गरवणाऱ्यांच्या तोंडी, गावागावापुरते, आणि बहुधा गुपित म्हणून जपलेले.

शास्त्रज्ञ या प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने आले. रशियन संशोधक इव्हलेव्हने माशांच्या आहारावर हौदांत प्रयोग केले. अन्न किती दाट असले की मासा किती खातो, विखुरलेल्या अन्नापेक्षा गोळा झालेल्या अन्नावर त्याची चैन कशी होते, याची त्याने मोजमापे घेतली. 1966 पासून परिस्थितीशास्त्रात एक विचार रुजला: प्राणी असे खातात की खर्च केलेल्या शक्तीच्या मोबदल्यात जास्तीत जास्त शक्ती मिळावी. मॅनफ्रेड मिलिन्स्कीचा 1979 चा प्रयोग मला या सगळ्यात सर्वांत आवडतो. एका टाकीत सहा काटेरी स्टिकलबॅक मासे. दोन्ही टोकांना पाणपिसू सोडायचे, पण एका टोकाला दुप्पट. थोड्याच वेळात साधारण चार मासे भरल्या टोकाला आणि दोन दुसऱ्या टोकाला स्थिरावले. सगळेच भरल्या टोकाला गेले नाहीत, कारण गर्दी झाली की भरलेले टोकही माणशी तेवढेच देते. हे कळले की 'सगळे मासे एकाच जागी का नाहीत' हा प्रश्न उरत नाही. दुय्यम जागाही रिकाम्या नसतात, आणि रविवारी गर्दी टाळू पाहणाऱ्याला ही बातमी चांगली आहे.

नदीत हाच हिशेब प्रवाहात मांडावा लागतो. कर्ट फॉश यांनी 1984 मध्ये दाखवले की वाहते किडे टिपणारे ट्राउट-साल्मनकुळातले मासे मंद पाण्यात उभे राहतात, पण वेगवान पाण्याच्या अगदी शेजारी. त्यातली सर्वांत किफायतशीर जागा सर्वांत दांडगा मासा बळकावतो. म्हणजे चांगल्या जागेवरचा मोठा मासा काढून नेला की काही वेळाने तिथे दुसरा येतो, बहुधा त्याहून लहान. भीतीचा मुद्दा वर्नर आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये स्पष्ट केला. तळ्यात शिकारी बास सोडल्यावर लहान ब्लूगिल मासे उघड्या पाण्यातले चांगले खाणे सोडून पाणवनस्पतींत दडून राहिले आणि कमी वाढले. बासच्या तोंडात न मावणारे मोठे ब्लूगिल बिनधास्त उघड्यावर चरत राहिले. आमच्याकडे धरणाच्या काठाला पाणवनस्पतींत सगळी पिल्लेच का सापडतात आणि मरळ त्या वनस्पतींच्या कडेलाच का घुटमळतो, याचे उत्तर यात आहे.

तरीही परदेशी सिद्धान्त सह्याद्रीला जसाच्या तसा लावता येत नाही. 1980 मध्ये व्हॅनोट आणि सहकाऱ्यांनी मांडलेले नदीचे चित्र प्रसिद्ध आहे: उगमाकडे झाडांची पाने हेच अन्न, मध्ये दगडांवरचे शेवाळ, खाली बारीक कण. आणि त्या क्रमाने खाणारे जीव बदलत जातात. पण ते उत्तर अमेरिकेतल्या बारमाही नद्यांवरून बेतलेले आहे. आपली पश्चिमवाहिनी नदी घाटातून उतरून काही तासांत खाडीला मिळते आणि वर्षाचे बहुतेक पाणी चार महिन्यांत वाहून जाते. तिला जास्त जवळचा वाटतो तो युंक, बेली आणि स्पार्क्स यांचा 1989 चा विचार: पूर येतो, पाणी काठाबाहेर पसरते, नवे अन्न उघडे पडते आणि मासे त्या पसरलेल्या पाण्यात शिरतात. पहिल्या पावसात वळगणीचे मासे भातखाचरांत चढतात ते अंडी घालायला हे खरे, पण पिल्लांसाठी तिथे ताजे, उथळ, किड्यांनी आणि प्लवकांनी भरलेले पाणी असते म्हणूनच ती जागा अंड्यांना योग्य ठरते. चढणीचा मासा मारण्यात मोठी मजा आहे हे मी नाकारत नाही. पण त्या दिवसांत तो खायला नव्हे तर वंश वाढवायला आलेला असतो, आणि गळाच्या खेळाशी त्या मारण्याचा फारसा संबंध नाही. या पुस्तकात चढणीवर प्रकरण आहे, तंत्र नाही.

गोड्या पाण्यात महाशीर हा आहाराचा विद्यार्थी घडवणारा मासा. शेवाळ, किडे, शिंपले, खेकडे, लहान मासे, आणि काठावरच्या उंबर-जांभळाची फळे, सगळेच त्याला चालते. त्यामुळे हंगामाप्रमाणे त्याची जागा बदलते. डोहावर ओणवलेला उंबर पिकला की काही दिवस त्या सावलीतच तो सापडतो. नंतर खळाळाच्या शेपटाशी. कावेरीच्या काठी नाचणीच्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्यावर तो येतो, कारण माणसाने टाकलेले धान्यही त्याने आहारात घेतले आहे. महाडजवळच्या वाळण कोंडीत देवाचे मासे म्हणून राखलेले महाशीर भाविकांच्या मुरमुऱ्यांवर गोळा होतात. तिथे गळ टाकायचा नाही, हे सांगायलाही नको. मात्र अन्न एका जागी नियमाने मिळाले तर इतका सावध मासाही किती ठाम बसतो, हे पाहायला तिथे जरूर जावे.

धरणांची गोष्ट वेगळी. तिथे कटला, रोहू, मृगळ आहेत ते बहुतेक सोडलेले. हिरालाल चौधरी यांनी 10 जुलै 1957 रोजी संप्रेरकाची टोचणी देऊन या कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले आणि मत्स्यबीज सर्वत्र पोहोचण्याचा मार्ग खुला झाला. या तिघांची खाण्याची तऱ्हा वेगळी. कटला वरच्या थरातले प्राणीप्लवक गाळून खातो, रोहू मधल्या थरात वनस्पती आणि शेवाळ, मृगळ तळाचा कुजका गाळ. मत्स्यशेतीतले एकत्रित संवर्धन याच वाटणीवर चालते. गळवाल्याने ती लक्षात ठेवली तर एकाच बांधावरून तिघांसाठी तीन वेगळ्या खोलींवर गळ लावावा लागतो हे उघड होते. आणि एक सावधगिरी: उन्हाळ्यात खोल धरणात वरचे गरम पाणी आणि खालचे थंड पाणी मिसळेनासे होते, तळाशी प्राणवायू कमी पडतो. तिथे अन्न कितीही साचलेले असो, मासा उतरत नाही. अन्नाचा सिद्धान्त श्वासापुढे लटका पडतो, हे आमच्यासारख्या अन्नवेड्यांनी विसरू नये.

समुद्राबद्दल थोडक्यात लिहितो, कारण पुस्तकातही त्याला जागा कमीच आहे. पावसाळी वाऱ्यांच्या काळात दक्षिणेकडच्या पश्चिम किनाऱ्यालगत खालचे पोषक पाणी वर येते, प्लवक फोफावतात, आणि तारलीचे थवे त्यावर येतात. हॉर्नेल आणि नायुडू यांनी 1923 मध्येच तारलीचे आयुष्य आणि तिचे प्लवक यांचा संबंध मांडला. 1955 मध्ये नायर आणि सुब्रह्मण्यन यांनी एका विशिष्ट करंडक-शेवाळाची भरभराट आणि तारलीची आवक यांची सांगड घातली. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेची मासेमारी-क्षेत्रांची सूचना आज उपग्रहांनी टिपलेल्या पाण्याच्या तापमानावर आणि हरितद्रव्यावरच बेतलेली असते. धक्क्यावर उभ्या असलेल्या हौशी माणसाला उपग्रहापेक्षा सुरय आणि कुरव जास्त उपयोगी. पक्षी सूर मारत आहेत म्हणजे खालून कोणीतरी लहान मासळी वर रेटते आहे. हरित पाणी दिसले की लगेच सुरमई येईल असे मात्र नाही. प्लवकाचे मासळीत रूपांतर व्हायला दिवस लागतात, कधी आठवडे.

हा विषय आजच का मांडायचा, तर अन्न आणणारे हातच बदलत आहेत म्हणून. कोयनेचे पाणी वीज निर्माण करून पोफळीकडून वाशिष्ठीत उतरते. त्यामुळे ती नदी भर उन्हाळ्यातही वाहती असते आणि खारे-गोडे पाणी भेटते ती रेघ वीजनिर्मितीबरोबर सरकते. तिथे नुसत्या पंचांगावर विसंबून गरवणे अपुरे पडते. रेती उपशाने खाडीचा तळ खरवडला की त्यातले किडे, तिसऱ्या, मुळे जातात, आणि त्यांवर येणारे मासे दुसरीकडे वळतात. उजनीत चिलापीने बस्तान बसवले आहे. जिथे ती वाढते तिथे इतरांचे खाणे आणि मोठ्या माशांची शिकार दोन्ही बदलतात. दुसऱ्या बाजूला मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशाने आणि 2012 मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या कांदळवन कक्षाने तिवरांना संरक्षण मिळाले. जिथे ती पुन्हा दाटली तिथे पाच-दहा वर्षांनी कोणते मासे कोणत्या ओहोळाच्या तोंडाशी येऊ लागले, हे सर्वांत आधी कोणाला कळणार? संशोधकाआधी कदाचित रोज तिथे उभ्या असणाऱ्या गरवणाऱ्याला.

त्याच्या नोंदीला किंमत आहे याचा पुरावा कावेरीत सापडतो, आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकात सी. व्ही. कुलकर्णी आणि ओगले यांनी महाशीराचे कृत्रिम प्रजनन साधले. इथली बोटुकली देशभर गेली, कावेरीतही. कावेरीवरच्या गलिबोरे येथील मासेमारी छावणीत पकडलेला मासा वजन करून सोडून देत आणि त्याची नोंद ठेवत. 1998 ते 2012 या काळातल्या त्या नोंदी, वीस हजारांहून अधिक तासांच्या आणि सहा हजारांहून अधिक माशांच्या, ॲड्रियन पिंडर आणि राजीव राघवन यांच्या गटाने अभ्यासल्या. मासे वाढले होते, सरासरी वजन घटले होते, आणि कावेरीचा मूळचा कुबडा महाशीर निळ्या पंखांच्या, बाहेरून आलेल्या खुद्रीपुढे मागे पडत चालला होता. 2018 मध्ये त्या कुबड्या महाशीराची ओळख 'टॉर रेमादेवी' अशी पक्की झाली, आणि तो अतिसंकटग्रस्त ठरला. हे सगळे कळले ते हौशी लोकांनी ठेवलेल्या वह्यांमुळे.

म्हणून या पुस्तकाची रचना माशांच्या नावांवर नाही, अन्नावर आहे. पाने, गाळ, शेवाळ, किडे, करंदी, खेकडे, लहान मासळी, आणि शेवटी माणसाने टाकलेले अन्न. प्रत्येकाशी ते कोण वाहून आणते, कोणत्या पाण्यात, कोणत्या महिन्यात, आणि त्याच्यावर कोण येते हे जोडले आहे. कोकण, घाटमाथा आणि भीमा-कृष्णेचे पठार एवढाच प्रदेश हाताळला आहे. विदर्भातली तळी हा वेगळ्या माणसाने लिहावा असा विषय आहे. गाठी कशा मारायच्या, तंगूस किती जाड, रीळ कुठले, यावर इथे फारसे काही नाही. ते कोणताही दुकानदार आनंदाने सांगेल. जागांची नावेही जपून दिली आहेत. सर्वांना माहीत असलेली तेवढीच. लहान ओहोळ आणि डोह निनावी ठेवले आहेत, कारण छापलेली जागा टिकत नाही.

वाचताना एक सोय करावी. घरी नेलेल्या प्रत्येक माशाचे पोट साफ करताना उघडून पाहावे आणि त्यात काय होते ते लिहावे: करंदी, गाळ, उंबराच्या बिया, की नुसते पाणी. शेवटी कोऱ्या पानांचा तक्ता दिला आहे. तिथी, पाण्याची दिशा, गढूळपणा, काठावर काय फुलले-फळले होते, पक्षी होते का, मासा, त्याचे वजन, पोटातले अन्न. त्यात किती तास गळ टाकला याचाही रकाना आहे आणि तो काहीही लागले नाही त्या दिवशीही भरायचा आहे. कावेरीच्या वह्यांतून हिशेब निघाला तो तासांच्या नोंदींमुळेच. मासा न लागलेला दिवस वहीत आला नाही, तर लागलेल्या दिवसांवरून काढलेला कोणताही निष्कर्ष फुगलेला निघतो.